मधल्याने सांगितलेला पत्ता

मेल सर्व्हरचा भोळेपणा फार लवकर संपला. समोरचा ‘हेलो’ म्हणताना स्वतःचं नाव वाट्टेल ते सांगू शकतो, पण टीसीपी जोडणी ज्या आयपी पत्त्यावरून आली तो पत्ता खोटा पाडणं अवघड. १९९७ नंतर स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या रुळल्या त्या याच भरवशावर.

मग मध्ये प्रॉक्सी, म्हणजे जोडण्या स्वतः घेऊन सर्व्हरकडे पाठवणारा मध्यस्थ, आला आणि सगळं जग एकाच पत्त्यावरून येतंय असं दिसू लागलं. मी एका कचेरीचे सर्व्हर सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. कुणाच्या तरी फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला होता. पाच-सहा चुकीचे प्रयत्न झाल्यावर आमच्या राखणदार प्रोग्रॅमने इमानदारीत पत्ता अडवला. तो होता आमच्याच प्रॉक्सीचा. सकाळभर कुणालाच मेल नाही, आणि लॉगमध्ये गुन्हेगार म्हणून आमचंच यंत्र!

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरने यावर २००४ साली, २.१ आवृत्तीत, दोन आज्ञा दिल्या. ‘एक्सफॉरवर्ड’ फक्त लॉगपुरती: व्हायरस-तपासणीची फेरी मारून परतलेल्या मेलचं मूळ ठिकाण नोंदीत राहावं म्हणून. ‘एक्सक्लायंट’चा अधिकार मोठा. ती मिळाली की सर्व्हर सांगितलेला पत्ताच खरा धरतो, पुन्हा २२० म्हणत नव्याने स्वागत करतो आणि आत घ्यायचं की नाही तेही त्यावरूनच ठरवतो. म्हणूनच ही आज्ञा कुणाकडून ऐकायची याची यादी मुळात रिकामी असते. ती भरताना हात सैल सोडला, की कुणीही कुणाच्याही नावावर आत शिरेल.

पण एसएमटीपीत आधी सर्व्हर बोलतो. ‘एक्सक्लायंट’ येईपर्यंत पहिला नमस्कार होऊन गेलेला असतो, आणि पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीनसारखा दारवान तर नमस्काराआधीच माणूस जोखतो. २०१० मध्ये एचएप्रॉक्सी या प्रॉक्सी प्रोग्रॅमच्या विली तारो यांनी काढलेला प्रॉक्सी प्रोटोकॉल इथे कामी आला: जोडणी होताच, इतर काहीही बोलण्याआधी, फार तर १०७ बाइटांची एक साधी ओळ, तीत मूळ पत्ता. पुढे तिची बायनरी आवृत्तीही आली. पोस्टफिक्सने २.१० मध्ये, २०१३ साली, ती ओळ स्वीकारली.

या प्रोटोकॉलमधला मला सर्वांत आवडलेला नियम मात्र जरा हट्टी आहे. ओळ आली तर वाचू, नाही तर चालवून घेऊ, असं सर्व्हरने करायचं नाही. ज्या पोर्टवर ती ठरली आहे तिथे ती आलीच पाहिजे. नसेल तर जोडणी तोडायची.