किल्लारी: दोन फूट जाड भिंतींचं गाव

कंधारच्या किल्ल्याचा भाग ऐकून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला, "किल्लारीवर कधी?" तर आज किल्लारी.

लातूर जिल्हा, औसा तालुका, तेरणेचा काठ. काळी जमीन, ज्वारी-तूर, आता जिकडं तिकडं सोयाबीन. मातीखाली काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. किल्लारीत तो सुमारे ३४० मीटर जाड आहे. म्हणजे दगडाला तोटा नाही, म्हणून घरंही दगडाचीच.

हे घर नीट समजून घ्या. भिंत दोन-अडीच फूट, पण ती एकसंध नसते. आतून एक थर, बाहेरून एक, मधे माती आणि दगडाच्या चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा माती पडायची, छप्पर जड होत जायचं. पण गारवा काय सांगू! आजीच्या अशाच घरात मी मे महिन्यात पंख्याशिवाय झोपलोय.

१९९२ मध्ये इथं धक्के बसत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग घरात परतले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगात याहून मोठे कितीतरी होतात. पण भिंतींचे थर उकलले, वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपास मिळून जवळपास १०,००० माणसं गेली. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता!

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली, सरळ रस्ते, आखीव प्लॉट. नीळकंठेश्वराचं मंदिर मात्र जुन्या किल्लारीत.

"दगडाचं घर म्हणजे मरण" असं आपल्याकडं अजून म्हणतात. मला ते पटत नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांध घातला, छपराखाली सगळीकडून पट्टा फिरवला, माळवदावरची माती कमी केली, तर तेच घर बरंच सावरतं.

आजीच्या घरात आता काका झोपतात. भिंत एका बाजूनं फुगलीय. दोनदा बोललो, तर म्हणाले, "एवढी रास होऊ दे, मग बघू."