गिटारचा पिकअप घडवताना

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाच्या सान्निध्यात गिटारची पोलादी तार स्वतःही चुंबकित होते. ती कंप पावली की वेढ्यांमधले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. नायलॉनच्या तारांना हा पिकअप दाद देत नाही, तो यामुळेच. जॉर्ज बीचम यांना अशा विद्युत गिटारचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले.

घरी बनवायला सर्वांत सोपा नमुना १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा. फायबरच्या दोन पट्ट्यांना सहा-सहा भोके असतात. त्यांत अल्निको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्टयुक्त मिश्रधातूच्या सहा कांड्या दाबून बसवल्या की सांगाडा तयार होतो. तारेवरचा इनॅमलचा थर कांड्यांना घासून खरवडला तर वेढे शॉर्ट होतात, म्हणून कांड्यांवर आधी लॅकरचा हात देतात.

तार ४२ गेजची, केसासारखी बारीक. तिच्यातील तांब्याची जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर. सांगाडा शिलाई मशीनच्या मोटरवर फिरवून तार चिमटीतल्या फेल्टमधून सोडतात. ताण जास्त झाला तर तार तुटते, कमी पडला तर वेढे सैल राहतात. सुमारे ८,००० वेढ्यांनंतर मल्टिमीटरवर साधारण ६ किलोओहम रोध दिसतो. वेढे मोजायला फिरत्या चकतीवर चुंबक आणि शेजारी रीड स्विच पुरतो.

स्वर ठरतो तो इथेच. वेढे वाढवले की आवाज दणकट होतो, पण वरच्या स्वरांची झळाळी घटते. हाताने वेढे थोडे विस्कळीत पडतात. त्यामुळे वेढ्यांमधली धारिता कमी होऊन झळाळी काहीशी टिकते.

तारेची टोके सोल्डर केल्यावर पिकअप सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या पॅराफिन-मधमाशीच्या मेणात बुडवतात. सैल वेढे मेणाने जखडले नाहीत, तर मोठ्या आवाजात ते थरथरून किंचाळतात. मेण पेट घेते, म्हणून ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवावे. अखेरीस कांड्या दोन प्रबळ निओडिमियम चुंबकांमधून सरकवून चुंबकित करतात.

एकेरी पिकअप विजेच्या वायरिंगचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गुणगुणाटही टिपतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर हम्बकरचा उपाय शोधला. शेजारशेजारच्या दोन वेटोळ्यांत चुंबकाचे ध्रुव उलटे आणि वेढ्यांची दिशाही उलटी असते. त्यामुळे गुणगुणाट परस्परांना छेदतो, तर तारेचा स्वर मिळून दुणावतो.

बसवताना शेवटची काळजी उंचीची. पिकअप तारांच्या फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो. म्हणून दोन्हींमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी आणि पुढचा निवाडा कानावर सोपवावा.