१८६ विरुद्ध १: महिला आरक्षणाला ‘नाही’ म्हणणारं ते एकमेव मत शरद जोशींनी का दिलं?

महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत एकच चर्चा असते, आपला वॉर्ड महिला झाला की खुला? कुणी शेजारच्या वॉर्डात जागा शोधतं, कुणी पत्नीसाठी तिकीट मागतं. याच ‘सोडत’ पद्धतीवर आक्षेप घेत एका मराठी खासदाराने राज्यसभेत एकट्याने विरोधी मत दिलं होतं.

नेमकं काय घडलं होतं?

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक मतदानाला आलं. लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देण्याची ही तरतूद होती. बाजूने १८६ मतं पडली आणि विरोधात फक्त एक. ते मत होतं स्वतंत्र भारत पक्षाचे शरद जोशी यांचं.

जोशी स्त्रीविरोधी होते का?

त्यांचा इतिहास उलट सांगतो. पार्ले टिळक विद्यालय आणि सिडनहॅम कॉलेजात शिकलेले जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शेतीत उतरले आणि त्यांनी शेतकरी संघटना उभारली. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्यांच्या संघटनेने शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन भरवलं.

त्यानंतर आलं ‘लक्ष्मीमुक्ती’ अभियान. नवऱ्याने जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील, ते गाव ‘लक्ष्मीमुक्ती गाव’. कायद्याची सक्ती नसताना हजारो सातबाऱ्यांवर बायकांची नावं चढली.

मग विरोध कशाला?

जोशी खुल्या व्यवस्थेचे पुरस्कर्ते. सरकारने शेतमालाच्या भावात, बाजारात आणि माणसाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, ही त्यांची भूमिका. स्त्रियांचा प्रश्नही त्यांनी त्याच नजरेतून पाहिला. बाईच्या हाती मालमत्ता आली की तिची ताकद वाढते, असं त्यांचं म्हणणं.

विधेयकावर त्यांचा मुख्य आक्षेप सोडत आणि फिरत्या आरक्षणाला होता. मतदारसंघ दर निवडणुकीत बदलणार असेल, तर निवडून आलेली महिला पाच वर्षं कुणासाठी राबेल? पुढच्या वेळी ती जागा खुली झाली की पक्ष तिला पुन्हा तिकीट देईलच असं नाही. पुरुषालाही आपला मतदारसंघ टिकेल याची खात्री नाही. म्हणजे मतदाराला जाब विचारायला समोर कुणीच उरत नाही.

दुसरी बाजू काय?

मुंबई महापालिकेच्या २२७ पैकी निम्म्या जागा आज महिलांसाठी राखीव आहेत. आरक्षणामुळेच अनेक जणी पहिल्यांदा सभागृहात पोहोचल्या. जिथे आरक्षण नाही तिथलं चित्र पाहा. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर फक्त ७४ महिला निवडून आल्या. पक्ष आपणहून तिकीट देत नसतील, तर ‘स्वखुशी’ची वाट किती पिढ्या पाहायची, हा प्रश्न जोशींच्या युक्तिवादाला अडचणीत आणतो.

विसंगतीचा आरोपही त्यांच्यावर झाला. जातीय राजकारणावर कडाडून टीका करणारे जोशी २००४ मध्ये राज्यसभेत गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर.

पुढे काय झालं?

२०१० चं विधेयक लोकसभेत अडकलं आणि रद्दबातल झालं. शरद जोशी यांचं १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात निधन झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये नवा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा राज्यसभेत विरोधात एकही मत पडलं नाही.

या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला बदलणार नाहीत, तर मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरतील. म्हणजे जोशींच्या आक्षेपाची धार थोडी बोथट झाली. महापालिकेत मात्र सोडत कायम आहे. त्यामुळे तुमच्या वॉर्डातल्या नगरसेविकेने चांगलं काम केलं असेल, तर जागा खुली झाल्यावरही पक्ष तिलाच तिकीट देतो का, यावर लक्ष ठेवा. जोशी चुकले की बरोबर होते, याचं उत्तर तिथे मिळेल.