दस्तुरीच्या पुढचं ओझं

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि तिथून पुढे घोडा सुरू होतो. पर्यटक गाडीतून उतरतो न उतरतो तोच घोडेवाले पुढे येतात. लगाम हातात धरूनच पॉइंटांची नावं सांगतात, भाव ठरतो, पाय रिकिबीत जातो. बाजूला घोड्यांची आणखी एक रांग असते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. या घोड्यांच्या पाठीवर गॅसच्या टाक्या आणि कांद्याबटाट्याची पोती असतात. माथेरानात मोटार नाही, हे आपण कौतुकानं सांगतो. मोटारीनं करायचं काम तिथे कोण करतं, ते या रांगेपाशी उभं राहिलं की कळतं.

ह्यू मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५० मध्ये या डोंगराकडे लक्ष वेधलं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर आली. २००३ मध्ये केंद्र सरकारनं हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. या सगळ्या काळात घोडा गावात राहिला. आज प्रवासी नेणारे घोडेच चारशेहून अधिक आहेत. मालवाहू जनावरं वेगळी.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला, तर दुपारी १२ ते ३ काम बंद. काटेरी लगामावर बंदी. हे नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ७० या आकड्यापाशीच अडकलो. घरगुती गॅसची भरलेली टाकी साधारण ३० किलोची. दोन टाक्या दोन अंगांना लावल्या की मर्यादा जवळपास संपली. तिसरी लादताना मोजायला कोण उभं असतं? दस्तुरीवर वजनकाटा ठेवणं कठीण नाही. तो ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाठीइतकाच प्रश्न पायांचा आहे. माथेरानची वाट मुळात जांभ्याची, लाल मातीची. मातीत टाप रुतते, धक्का जिरतो. वाटेवर बसवलेल्या गुळगुळीत ब्लॉकवर मात्र लोखंडी नाल घसरतो, उतारावर तर फारच. तिथे टापेचा धक्का सांध्यात चढतो. दर पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, वाढलेला खूर कापून पुन्हा ठोकावा लागतो. नालबंदाचा खर्च वाचवायला कुणी आणखी पंधरा दिवस ओढले, की जनावर लंगडू लागतं. आणि गर्दीच्या शनिवार-रविवारी लंगडा घोडासुद्धा उभा केला जातो.

पोटाचं दुखणं सर्वांत वाईट. घोड्याला ओकता येत नाही. खाण्यात प्लास्टिक गेलं किंवा पाणी कमी पडलं की पोटशूळ उठतो. घोडा पोटाकडे वळून वळून पाहतो, लोळतो, आणि वेळेवर पशुवैद्य मिळाला नाही तर काही तासांत जातो.

हे सारं घोडेवाल्याच्या माथी मारून मोकळं होणं मला पटत नाही. अनेकदा घोडा एकाचा असतो आणि लगाम दुसऱ्याच्या हातात. तो दुसरा दिवसभर घोड्याबरोबर स्वतःही चालतो, तेही साध्या चपलांनी. पावसाळ्यात पर्यटक आटतो, पण चंदी आणि वैरण रोजची लागते. त्या चार महिन्यांची तोंडमिळवणी उन्हाळ्यातल्या जादा फेऱ्यांतून होते. क्रौर्य बहुतेक वेळा या हिशेबातून शिरतं.

आता माथेरानात हातरिक्षेच्या जागी ई-रिक्षा आली आहे. माणसानं माणसाला ओढणं अमानुष आहे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ९४ हातरिक्षावाल्यांच्या खांद्यांवरचं जू उतरवणारा हा निकाल फार आधी यायला हवा होता. घोडेवाल्यांनी मात्र ई-रिक्षेला विरोध केला. त्यांच्या पोटावर पाय येतो, हे खरंच आहे. पण ओझं कमी होणार म्हणून घोड्याच्या बाजूनं आनंद मानावा, तर मुंबईची व्हिक्टोरिया घोडागाडी आठवते. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या गाड्या बेकायदा ठरवल्या, त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. चालक-मालकांच्या पुनर्वसनावर पुढे वर्षानुवर्षं खल झाला. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या बग्ग्या आल्या. घोडे त्या चर्चेच्या कडेलाच राहिले.

नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षंही जगतो. पाठ त्याच्या खूप आधी थकते. काम संपलेल्या जनावराला कुणी चंदी घालायची? गिऱ्हाईक भाडं देतं ते फेरीचं, म्हातारपणाचं नाही. माथेरानात प्रत्येक फेरीमागे चार पैसे बाजूला पडले, त्यातून खाली नेरळच्या बाजूला थकलेल्या घोड्यांचा एक तबेला उभा राहिला आणि तिथे पगारी पशुवैद्य असला, तर घोडेवाल्यालाही लंगडं जनावर रांगेत उभं करावं लागणार नाही. हा निधी ई-रिक्षांची संख्या वाढण्याआधी सुरू व्हायला हवा. नंतर फेऱ्याच उरल्या नाहीत, तर पैसे कशातून कापणार?