दिवाणखान्यातील पांढरा गालिचा

पेढीवरील गादीस शुभ्र खोळ असावी, ही आपल्या व्यापारी वर्गाची जुनी रीत. घरोघरी कोच-खुर्च्या आल्या आणि दिवाणखान्यातील बैठक मोडली. ती शुभ्रता आता पांढऱ्या गालिच्याच्या रूपाने परतू पाहत आहे.

परंतु गालिचा कशाचा, हे आधी विचारावे. रेशीम काढताना कोशातील किडा उकळत्या पाण्यात मरतो. ते आपल्या घरी नकोच. लोकरीस कसर लागते, आणि कसर मारावयाच्या गोळ्या पसरणे श्रावकाच्या घरास शोभत नाही. उरला कापूस. तोही नवलगुंदच्या जमखान्यासारखा सपाट विणीचा घ्यावा. दुकानदार लांब तंतूंचा मऊ गालिचा पुढे करतो. पण त्यात शिरलेली मुंगी ना दिसते, ना मऊ कुंच्याने बाजूस सारता येते. सपाट पांढऱ्या विणीवर ती चटकन दृष्टीस पडते व पाऊल थांबते. माझ्या मते पांढऱ्या रंगाचा खरा गुण हाच, शोभा त्यामागून.

शहाबादी फरशीच्या करड्या रंगावर निव्वळ पांढरा डोळ्यांस टोचतो. सायीच्या रंगाचा निवडावा. भोवती हातभर फरशी मोकळी सोडावी, कोचाचे पुढचे पाय मात्र गालिच्यावर यावेत. हळदीच्या डागास साबण लागताच तो लाल होतो व घरात ओरड होते. धुऊन उन्हात टाकावा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

पण बेळगावच्या पावसाळ्यात ऊन कोठले? दमट कापसास बुरशी धरते. म्हणून मृगापूर्वीच गालिचा खडखडीत वाळवून गुंडाळावा. चातुर्मासात फरशी उघडीच बरी.