खाली मान घालून

३० मार्च १९९०, शुक्रवार. उल्हासनगरच्या एका केंद्रावर दहावीचा पेपर चालू असताना काही तरुण हत्यारं घेऊन वर्गात घुसले आणि त्यांनी रिंकू पाटील या मुलीला तिथंच, परीक्षेच्या वर्गात, जिवंत जाळलं. आज जे पन्नाशीच्या आगेमागे आहेत त्यांना हे नाव आठवत असेल. मी त्या वर्षी नववीत होते. राहायला बदलापूरला आणि शाळा अंबरनाथला, कारण वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि सकाळी आम्ही एकाच गाडीनं निघत असू. ती बातमी आलेलं वर्तमानपत्र वडिलांनी वाचून झाल्यावर घडी घालून कपाटावर टाकलं. मुलींच्या हाताला लागू नये म्हणून. मी अर्थातच स्टुलावर चढून ते काढलं.

वाचून मला जी भीती वाटली ती सांगायला आजही लाज वाटते. मला जाळतील अशी भीती नव्हती ती. आता माझी शाळा बंद होणार, ही होती.

कारण माझ्याही मागं एक मुलगा यायचा. शाळा सुटली की अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर तो उभा. दिसायला वाईट नव्हता, कपडे इस्त्रीचे. मी पूल चढू लागले की दोन पायऱ्या मागं. बोलायचा काही नाही, एक गाणं गुणगुणायचा, रोज तेच. मी बायकांच्या डब्यात शिरले की तो शेजारच्या डब्यात, मधल्या जाळीशी येऊन उभा राहायचा. बदलापूरला उतरल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आणि मग माघारी. असे सहा महिने. त्यानं कधी हात लावला नाही. मग तक्रार करायची ती कशाची? ‘तो मागून चालतो’ ही काय तक्रार झाली?

कायद्यालाही ती तक्रार वाटत नव्हती. विनयभंगासाठी कलम ३५४ होतं, बाईचा अपमान होईल अशा शब्दांसाठी आणि हावभावांसाठी कलम ५०९ होतं. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडल्यावर देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या होत्या, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदललाही होता. पण रोज मागं मागं येणं? ते किरकोळ. ते गुन्ह्यात जमा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, दिल्लीच्या बसमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आल्यावर. म्हणजे रिंकू पाटील गेल्यावर तेवीस वर्षांनी.

पण मी घरी सांगितलं नाही ते कलमं माहीत नव्हती म्हणून नव्हे. माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे. तिला आपण सुमन म्हणू. सुमनच्या वहीत एका मुलानं चिठ्ठी सरकवली होती. तिनं ती सरळ आईच्या हातात नेऊन दिली. असं काही झालं तर घरी सांगावं, हेच तर आम्हाला शिकवलेलं होतं. घरात दोन दिवस खलबतं झाली. तिसऱ्या दिवसापासून सुमन शाळेत येईनाशी झाली. तिचे वडील त्या मुलाच्या घरी गेले नाहीत, पोलिसांत तर नाहीच नाही. बभ्रा झाला तर स्थळं कोण आणणार? परीक्षेपुरती भावानं तिची ने-आण केली आणि मे महिन्यात लग्न उरकलं, नाशिककडं कुठंतरी. गणितात ती आमच्या वर्गात पहिली असायची. तो मुलगा पुढं आयटीआयला गेला, नोकरीला लागला. आपल्या चार ओळींनी काय झालं हे त्याला आजही ठाऊक नसावं.

बाकीच्या मुलींनी घ्यायचा तो धडा घेतला. सांगायचं नाही. गाडी बदलायची, मैत्रिणीला सोबत घ्यायची, ओढणीत सेफ्टीपिना ठेवायच्या, पुलावर खाली मान घालून चालायचं. खाली मान घालणं हे आमच्याकडं वळण समजलं जाई. ‘पोरगी कशी खाली मान घालून जाते,’ असं शेजारच्या काकू कौतुकानं म्हणत. मान खाली असली की समोरच्याचे फक्त पाय दिसतात, हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नसेल असं कसं म्हणू? त्याही कधीतरी कुठल्या तरी रस्त्यानं तशाच गेलेल्या असणार.

त्या बातमीनंतर आमच्या चाळीत दोन वाक्यं ऐकू आली. पहिलं, ‘उल्हासनगर आहे बाबा ते, तिथं असंच चालायचं.’ दुसरं, ‘मुलीचंही काहीतरी असेलच की.’

पहिल्या वाक्यात तथ्य नव्हतंच असं नाही. त्या काळी उल्हासनगर टोळीयुद्धांनी बदनाम होतं. फाळणीनंतर सगळं मागं टाकून आलेल्या सिंध्यांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार थाटले, शिलाईपासून फर्निचरपर्यंत काय वाटेल ते बनवून विकलं, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोदही हसत स्वीकारला. पण आमच्या लेखी ते गाव म्हणजे स्वस्त कपडा आणि गुंडगिरी. बदलापूर कसं, शांत. उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मधे स्टेशन एकच, अंबरनाथ. तेवढ्या अंतरावर आम्ही आमचा सुसंस्कृतपणा मोजत होतो. तरी तो पुलावरचा मुलगा उल्हासनगरचा नव्हता. आमच्याच बाजूचा, चांगल्या घरचा होता.

दुसरं वाक्य मुख्यतः बायका म्हणत. ते दुष्टपणातून येत होतं असं मला वाटत नाही. मुलीचा काही दोष निघाला तर आपल्या मुलीला तो टाळता येईल, अशी ती आशा असावी. दोष निघालाच नाही तर मग काय करायचं? म्हणून मेलेल्या मुलीचं वागणं, बोलणं, कपडे सगळं चाळीच्या जिन्यात बसून तपासलं गेलं. मारणाऱ्याच्या आईनं त्याला काय शिकवलं, हा विषय मात्र त्या जिन्यात निघाल्याचं मला आठवत नाही.

भाषाही आपल्याला बरी मदत करते. ‘छेडछाड’ म्हणताना त्यात काहीतरी खेळकर आहे असा भास होतो. छेडायची ती सतारीची तार. आणि ‘एकतर्फी प्रेमातून हत्या’ हे शीर्षक तर इतकं रुळलं आहे की ते वाचताना आपण थांबतही नाही. शेजारची जमीन बळकावणाऱ्याला आपण जमिनीचा एकतर्फी प्रेमी म्हणत नाही. १९९३ साली ‘डर’ आला तेव्हा आम्ही मैत्रिणी तो थिएटरात जाऊन पाहिला. नायिकेचा छळ करणाऱ्याच्या वाक्यांना टाळ्या पडत होत्या, नवऱ्याच्या वाट्याला कुणी विचारत नव्हतं. आम्हीही टाळ्या वाजवल्या. हेही लिहून टाकते.

आता माझ्या भावाबद्दल. तो तेव्हा बारावीत होता. संध्याकाळी नाक्यावर मित्रांबरोबर उभा राहायचा. मुलगेच ते, उभे राहणारच. एकदा आईबरोबर बाजारातून येताना मी पाहिलं. पिवळ्या ड्रेसमधली एक मुलगी समोरून चालली होती. टोळक्यातल्या एकानं शिट्टी घातली, बाकीचे हसले. माझा भाऊ हसला. त्या मुलीनं मान खाली घातली, अगदी मी पुलावर घालत असे तशी. आईनंही पाहिलं, मला खात्री आहे, कारण तिनं माझा हात धरून चाल वाढवली. रात्री तिनं त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, ‘लवकर येत जा रे, अभ्यास आहे.’ बस्स. मीही गप्प बसले. माझा भाऊ चांगला माणूस आहे, पुढं माझ्या शिक्षणासाठी वडिलांशी भांडला. पण त्या संध्याकाळच्या मुलीला तो चांगला माणूस कुठं दिसला?

रिंकू पाटीलच्या घटनेनंतर आमच्या घरात नियम झाले. क्लास सकाळचा. दिवेलागणीच्या आत घरात. एकटीनं जायचं नाही. हे सगळे नियम माझ्यासाठी होते. नाक्यासाठी एकही नव्हता.

त्यानंतर तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० रोजी, हिंगणघाटला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला मागं लागलेल्या माणसानं पेटवून दिलं. आठवड्याभरात ती गेली. आरोपीला पुढं, बरोबर दोन वर्षांनी, जन्मठेप झाली. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. ती बातमी वाचून मी तिचा संध्याकाळचा क्लास बंद केला आणि सकाळचा लावला.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या शांत बदलापुरातच एका शाळेत चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. शाळेतल्या सफाई कामगाराला अटक झाली. तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं, आणि २० तारखेला सगळं गाव रुळांवर उतरलं. गाड्या दहा तास बंद. इतक्या लहान मुलींच्या बाबतीत ‘तिचंही काहीतरी असेल’ म्हणायची सोय नव्हती. म्हणूनच की काय, राग एवढा निखळ होता. पुढं सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीनं मेला आणि खटला सुरू होण्याआधीच त्याचा निकाल लागला. पुष्कळांनी पेढे वाटले. माझ्या घशाखाली तो पेढा उतरला नाही, पण ते वेगळं.

उच्च न्यायालयानं या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली होती. त्या सुनावणीत न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी ‘सातच्या आत घरात’ या मराठी सिनेमाचं नाव काढलं आणि विचारलं की हा नियम मुलींनाच का, मुलांना का नाही? तो सिनेमा २००४ चा. त्या शीर्षकात कुणी आत यायचं हे लिहिलेलंच नाही आणि तरीही ते वाचताना एकाही मराठी माणसाला शंका येत नाही.

२० ऑगस्टला माझी मुलगी कल्याणच्या कॉलेजात अडकली होती. गाड्या अंबरनाथपर्यंतच येत होत्या. संध्याकाळी मी स्कूटरवरून तिला आणायला गेले. त्याच पुलाखाली थांबले होते. परतताना मी सारखी बोलत होते, पोलिसांवर, शाळेवर, सरकारवर. ती मागं गप्प बसली होती. मधेच म्हणाली, ‘आई, बारावीत असताना एक जण तीन महिने बाइकवरून माझ्या मागं यायचा.’

मी स्कूटर बाजूला घेतली. ‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगून काय झालं असतं? क्लास बंद केला असतास. दहावीत केलास तसा.’

मी ‘छे’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता मागं येणं हा गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेत कलम ७८ आहे, हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं, माझ्याहून जास्त. तिला कायद्याची भीती नव्हती, त्या बाइकवाल्याचीही फार नव्हती. तिला माझी होती.

घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. गावात पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. धाकटा मुलगा घरात नव्हता. तो पंधरा वर्षांचा आहे, त्याला किती वाजता घरी यायचं हे मी कधी सांगितलेलं नाही. फोन लावला. पलीकडं चार-पाच पोरांचा हसण्याचा आवाज होता.

‘कुठं आहेस?’

‘इथंच गं, नाक्यावर. मित्र आहेत.’

चपला अजून पायातच होत्या. मी तशीच जिना उतरले.