ओझे वाढले, जोरही वाढला!

पुढून मोटारकार आणि मागून मालाचा हौदा, अशी गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का? अमेरिकेत एके काळी अशा गाड्या लोक हौसेने वापरत. फोर्डची ‘रँचेरो’ १९५७ सालची, तर शेव्हरलेची ‘एल कॅमिनो’ १९५९ ची. एल कॅमिनोचेच जुळे भावंड म्हणजे जीएमसीची ‘स्प्रिंट’. ती १९७१ साली आली. १९७७ नंतर तिचे नाव बदलले आणि आज ती बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे.

त्या काळी तिकडे दांडग्या इंजिनांची चढाओढ लागली होती. स्प्रिंटमध्येही सुमारे ७.४ लिटरचे इंजिन घेता येई. आपल्याकडच्या लहान मोटारीचे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, यावरून कल्पना करा! मात्र अशी दणकट गाडी रिकामी असताना एकदम जोरात सोडली, तर मागची चाके जागीच गरगर फिरतात. असे का व्हावे?

इंजिन फक्त चाक फिरवते. गाडीला पुढे ढकलते ते रस्त्याचे घर्षण. आणि घर्षणाची कमाल मर्यादा म्हणजे घर्षणगुणांक गुणिले चाकांवरील भार. या गाडीचे इंजिन पुढे, हौदा मागे रिकामा, आणि फिरतात मात्र मागची चाके!

आता थोडे गणित करू या. समजा, गाडीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम आहे आणि त्यापैकी ६४० किलोग्रॅमचा भार मागच्या चाकांवर आहे. गुरुत्वत्वरण १० आणि घर्षणगुणांक ०.९ धरा. कमाल घर्षण ०.९ × ६४०० = ५७६० न्यूटन. त्याला १६०० ने भागले, की त्वरण मिळते ३.६ मीटर/सेकंद².

आता मागच्या आसाच्या बरोबर वर २०० किलोग्रॅम वाळूची पोती ठेवा. घर्षण होते ०.९ × ८४०० = ७५६० न्यूटन आणि वस्तुमान १८०० किलोग्रॅम. त्वरण ४.२ मीटर/सेकंद²! गाडी जड झाली, तरी अधिक झपाट्याने सुटली. (सुटताना काही भार मागच्या चाकांवर सरकतो. सोपेपणासाठी तो येथे सोडून दिला आहे.) बर्फाळ प्रदेशातले चालक हिवाळ्यात पिकअपच्या हौद्यात वाळूची पोती ठेवतात, ती यासाठीच.

मात्र इंजिन दुबळे असेल, तर ओझ्याने त्वरण कमीच होणार. म्हणून आधी विचारावे, अडते कोठे? इंजिनापाशी की घर्षणापाशी?

आता सांगा पाहू, ज्या मोटारीची पुढची चाके इंजिन फिरवते, तिच्या डिकीत तीच पोती ठेवली तर काय होईल?